खिडकी तुमची

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "खंडाळ्याच्या घाटात तीस वर्षं रेल्वेचे रूळ सांभाळले, पण हा घाट आखला कुठल्या साहेबानं ते काही कळलं नाही." तेवढ्यावरून शोधायला बसलो.

जेम्स बर्कले. लंडनचा, नामांकित रेल्वे इंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला. १८५० मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुख्य इंजिनिअर म्हणून मुंबईत उतरला तेव्हा जेमतेम तिशीचा. १८५३ ची बोरीबंदर–ठाणे गाडी त्याचीच. पण ते सपाटीवरचं काम. खरा कस घाटात लागला. बाबा, तुम्ही ज्या चढाला 'सदतीसला एक' म्हणता (सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर) तो त्याच्याच आखणीतला. पंचवीस किलोमीटरमध्ये १,८३१ फूट चढायचं, तेही २५ बोगदे काढून. काम १८५६ ला सुरू झालं. कड्यावरून माणसं दोरानं खाली सोडायची, आणि लटकत्या माणसानं काळ्या पाषाणात सुरुंगाची भोकं पाडायची. एका वेळी ४२,००० माणसं होती म्हणे. पटकीच्या साथीत त्यातली कितीतरी गेली. तुमच्या मुकादमाच्या वहीत निदान नावं तरी असायची.

आणि ते रिव्हर्सिंग स्टेशन! लहानपणी तुम्ही अमृतांजन पुलापाशी खिडकीतून बोट दाखवायचात, मला नुसती झाडी दिसायची. आता कळलं. डोंगराच्या सोंडेवर गाडी वळवायला जागाच नाही. मग गाडी येऊन थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं, आणि मघाशी शेपूट होती ते तोंड करून गाडी वर निघायची. इतकी साधी युक्ती आमच्या साइटवर कुणी सुचवली असती तर आधी चार मीटिंगा झाल्या असत्या.

आई, ही तुझ्यासाठी. ठेकेदार ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि महिन्याभरातच वारला. त्याची बायको अॅलिस. परका देश, अर्धवट घाट. तिनं ठेका सोडला नाही. दोन इंजिनिअर हाताशी धरून काम चालू ठेवलं. आजी असती तर म्हणाली असती, "बाई खमकी हो!"

बर्कलेची तब्येत मात्र ढासळली. १८६१ मध्ये तो विलायतेला परतला, १८६२ च्या ऑगस्टमध्ये गेला. घाट सुरू झाला १८६३ ला. गेला तेव्हा त्याचं वय बेचाळीस.

मला गेल्या महिन्यात बेचाळिसावं लागलं. आई, "रजा घेतोस का कधी?" असं दर फोनला विचारतेस आणि मी विषय बदलतो. डॉक्टरांनी बीपीची गोळी सुरू केलीय. सांगितलं नव्हतं, रागावू नकोस.

रजा मंजूर झालीय. गणपतीला पूर्ण दहा दिवस लोणावळ्याला येतोय. बाबा, गुडघे साथ देत असतील तर कर्जतपर्यंत खाली या. मागे बँकर (गाडी वर ढकलणारं जादा इंजिन) लागेपर्यंत फलाटावर वडापाव खाऊ (आईला सांगू नका) आणि घाट बरोबर चढू. खिडकी तुमची.

तुमचा,
बाळू