मानधन बंद करण्याआधी एकदा घरी तरी या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझा धाकटा भाऊ 31 वर्षांचा आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हातपाय ताब्यात नाहीत. बोलता येत नाही, टेकू दिला तरच बसतो. प्रमाणपत्रावर 85 टक्के अपंगत्व लिहिलंय. त्याला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून महिन्याला 1500 रुपये मिळायचे. आमच्याकडे याला ‘निराधारचा पगार’ म्हणतात. 2025 च्या फेब्रुवारीत हा पगार आला नाही. मार्चमध्येही नाही. ना पत्र, ना फोन, ना तलाठ्याचा निरोप. आईला वाटलं, बँकेत उशीर झाला असेल.

माझं सासर-माहेर एकाच गावात, त्यामुळे भावाचे कागद मीच बघते. तहसीलला गेले तर उत्तर मिळालं, “ताई, आता पैसे डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणार, तुमचं सीडिंग नाही.” बँकेत विचारलं तर म्हणाले, आधार लिंक आहे. खात्याला आधार जोडलं की लिंक झालं, पण सरकारी पैसे त्याच खात्यात यावेत अशी नोंद म्हणजे सीडिंग, ती वेगळी, हे कळायलाच माझ्या तीन फेऱ्या झाल्या. मी बारावी शिकलेली. ज्या घरात कुणालाच वाचता येत नाही, त्यांनी काय करायचं?

मग ओळख पटवायला मशीनवर अंगठा. भावाच्या मुठी कायम घट्ट आवळलेल्या असतात. घाबरला की आणखीनच. आई आधी त्याचं मनगट हळूच खाली वाकवते, तसं केलं की बोटं जराशी सैल पडतात. मग करंगळीपासून एकेक बोट सोडवत अंगठ्यापर्यंत येते. मूठ सदा मिटलेली असल्यानं आतली कातडी ओलसर, पांढरी पडलेली. पदरानं पुसून, फुंकर घालून आईनं तो अंगठा मशीनवर ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला. लाल दिवा. सात वेळा झालं. रांगेतली माणसं गप्प उभी होती. आई त्याला विचारत होती, “हात दुखला का रं?” त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि अंगठा काही उमटत नव्हता.

शेवटी तहसीलमध्ये सांगितलं, माणूस समोर दिसला पाहिजे. निराधारची शाखा पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून माझे मालक आणि दीर त्याला बावीस पायऱ्या चढवून घेऊन गेले. पगार जुलैमध्ये सुरू झाला. थकलेल्या पाच महिन्यांपैकी दोन महिन्यांचे आले. 4500 रुपये अजून यायचे आहेत.

त्या पाच महिन्यांत आमच्याकडे काय झालं, तेही सांगते, कारण 1500 रुपयांत असं काय अडतं, असं काही जणांना वाटतं. त्याला रात्री डायपर लागतो. ते बंद केले. आईनं जुन्या लुगड्यांचे जुनेर फाडून घड्या केल्या. उन्हाळ्यात ते भागलं, पण जूनचा पाऊस लागला आणि घड्या वाळेनात. दमट घड्यांनी त्याच्या कमरेला जखम झाली. ती भरायला दोन महिने लागले. मलमपट्टीला गेलेले पैसे पगारापेक्षा जास्त होते.

बोगस लाभार्थी शोधले पाहिजेत, हे मलाही मान्य आहे. खोट्या प्रमाणपत्रावर कुणी पैसे खात असेल तर ते माझ्या भावाच्या ताटातलेच खातो. पण खोटा माणूस कागद बिनचूक ठेवतो. तो जिना चढतो आणि त्याचा अंगठाही उमटतो. आधी पैसे बंद आणि मग चौकशी, या पद्धतीत गळतात ते खरे. ज्याला जास्त अपंगत्व, तो आधी गळतो.

ही भीक नाही, कायदा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 24 सांगतं, की इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांना किमान 25 टक्के जास्त मदत मिळाली पाहिजे. तरीही कितीतरी काळ विधवा भगिनीला 1500 आणि दिव्यांगालाही 1500 असंच चाललं. कायद्यानं बघितलं तर 1875 व्हायला हवे होते. जून 2025 मध्ये मोझरीला बच्चू कडू यांनी अन्नत्याग केला, त्यात कर्जमाफीसोबत दिव्यांगांना 6000 मानधनाचीही मागणी होती. पुढे सरकारनं ऑक्टोबर 2025 पासून 2500 केले. त्याबद्दल मनापासून आभार. पण केंद्राची दिव्यांग पेन्शन 80 टक्क्यांच्या पुढच्या माणसाला 2012 पासून 300 रुपयेच आहे. आणि वाढवलेले 2500 खात्यात पडलेच नाहीत, तर त्या वाढीचा उपयोग काय?

दुसरी धास्ती उत्पन्नाच्या दाखल्याची. दिव्यांगासाठी कुटुंबाची मर्यादा वर्षाला 50,000 आहे. रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी 312 रुपये होती. त्या दरानं घरातल्या एका माणसाने 161 दिवस काम केलं की मर्यादा ओलांडली. माझी आई डाळिंबाच्या बागेत जाते. साठीला आली तरी जाते. तिनं जास्त हजेरी भरली म्हणून मुलाचं मानधन जाईल, ही भीती तिच्या मनात कायम असते. कधी कधी मला विचारते, “ह्या महिन्यात किती दिवस जाऊ?” ही मर्यादा वाढवलीच पाहिजे.

30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने केवायसीच्या, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याच्या प्रकरणात सांगितलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तिथं ॲसिड हल्ल्यात डोळे जायबंदी झालेल्यांना डोळे मिचकावून दाखवता येत नाहीत, हा प्रश्न होता, इथं अंगठ्याचा आहे. म्हणून आमचं मागणं एवढंच, की कुणाचंही मानधन थांबवण्याआधी लेखी कळवा, तलाठ्याला नाहीतर ग्रामसेवकाला घरी पाठवा, त्यांनी माणूस डोळ्यांनी बघावा आणि तसं लिहून द्यावं. तोवर पैसे चालू ठेवा. चूक कार्यालयाची निघाली तर थकबाकी एकरकमी द्या.

त्या जिन्यावरच मला दुसरी एक आई भेटली, पाठीवर चौदा वर्षांची लेक घेऊन चढत होती. तिथून सुरुवात झाली. आज तालुक्यातली 41 घरं एकत्र आहोत. माझ्या शिलाई मशीनच्या शेजारी आता झेरॉक्सची पिशवी असते. पिको-फॉलला आलेल्या बायका आपल्या घरातल्या माणसाचे कागद घेऊनच येतात. तालुक्यात किती दिव्यांगांचं मानधन थांबलं आणि का, हे दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात विचारलं. तीस दिवस उलटले, उत्तर नाही. पहिलं अपील केलं आहे. वाचकांपैकी कुणाच्या घरी असंच घडलं असेल, तर गप्प बसू नका. तारखेनिशी लिहून द्या आणि पोच घ्या.

येत्या मंगळवारी, बाजारच्या दिवशी, आम्ही सगळे पुन्हा तहसीलला जाणार आहोत. भावालाही नेणार आहे. या वेळी जिना चढणार नाही. साहेबांनी खाली येऊन अर्ज घ्यावा, अशी विनंती आम्ही आधीच लेखी दिली आहे. तिची पोच माझ्याकडे आहे.

आपली,
एका दिव्यांग भावाची बहीण
जि. सोलापूर
(नाव व पत्ता छापू नये, ही विनंती)