काकूंना झालं म्हणून तुलाही होईलच असं नाही

प्रिय रेवा,

तुझा मेसेज वाचला आणि म्हटलं फोनवर अर्धवट बोलण्यापेक्षा लिहूनच काढते, म्हणजे डॉक्टरांकडे जाताना तुला परत वाचता येईल. दहावा आठवडा चालू आहे म्हणतेस, म्हणजे अगदी वेळेत विचारलंस गं. काकूंना, म्हणजे तुझ्या आईला, तुझ्या वेळी प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढून होणारा आजार) झाला होता, बीपी खूप वाढून डिलिव्हरी लवकर करावी लागली, आता तेच तुझ्याही वाट्याला येणार का आणि एखादी जेनेटिक टेस्ट करून आधीच कळेल का, हेच ना?

तर आधी सरळ उत्तर देते. फक्त जीन्स बघून होणार की नाही होणार हे सांगणारी भरवशाची टेस्ट आज नाहीये, त्यामुळे कुणी तसं पॅकेज गळ्यात मारत असेल तर घेऊ नकोस. पण ११ ते १४ आठवड्यांमधे एक स्क्रीनिंग होतं ते मात्र खरंच कामाचं आहे आणि ते तू चुकवू नयेस म्हणून हे एवढं लांबलचक पत्र.

बीपी वाढलेलं कळतं २० आठवड्यांनंतर, बऱ्याचदा तर शेवटच्या तीन महिन्यांत, पण लवकर होणाऱ्या प्रकारात गडबड सुरू होते ती खूप आधी, वार (प्लासेंटा) रुजत असताना. गर्भाशयातल्या बारीक रक्तवाहिन्या तेव्हा रुंद आणि सैल व्हायला हव्यात, त्या नीट झाल्या नाहीत की वारेला रक्त कमी पडतं आणि ती आईच्या रक्तात एसफ्लट-१ नावाचं प्रोटीन जास्त सोडायला लागते. ते प्रोटीन रक्तवाहिन्या निरोगी ठेवणारे पीएलजीएफसारखे घटक धरून ठेवतं, मग बीपी चढतं, लघवीतून प्रोटीन जातं, किडनी-लिव्हरवर ताण येतो.

आता जीन्सचं, आणि हा भाग तू काकूंनाही वाचून दाखव. २०१७ मधे मोठ्या अभ्यासात जो पहिला पक्का धागा सापडला तो आईच्या नाही, बाळाच्या जीन्समधे होता, एफएलटी१ या जीनजवळ, म्हणजे जिथून ते वरचं प्रोटीन बनतं नेमकं तिथेच! आणि वार बाळाच्याच पेशींपासून बनते, म्हणजे त्यात निम्मा वाटा बाबाचा असतो. २०२० मधे आईच्या बाजूचेही धागे मिळाले, पण ते बीपी आणि वजनाशी आधीपासून जोडलेले जीन्स होते. स्वीडनमधल्या एका अभ्यासात हा आजार होण्यात आईच्या जीन्सचा वाटा साधारण ३५ टक्के आणि बाळाच्या जीन्सचा २० टक्के निघाला होता. म्हणून "माझ्यामुळे पोरीला त्रास होणार" असं काकू म्हणत असतील तर त्यांना आत्ताच थांबव, हा दोष एका बाईच्या रक्तात शोधायचा नसतोच, मला याचा खरंच राग येतो. आणि तुझ्या नवऱ्याच्या आईलाही विचारून घे, कारण ज्याचा स्वतःचा जन्म अशा प्रेग्नन्सीतून झालाय त्याच्या बायकोलाही रिस्क थोडी वाढते.

हे सगळे धागे एकत्र करून स्कोअर काढायचं काम चालू आहे, पण तुझ्या डॉक्टरांना आज जास्त उपयोग साध्या माहितीचा आहे. तुझं वय, वजन, पहिलीच खेप, आईला झालेला त्रास, आयव्हीएफ, जुळं, आधीपासूनचं बीपी, डायबेटीस, किडनीचा आजार, ल्युपस. यात दोन्ही हातांवर नीट मोजलेलं बीपी, गर्भाशयाच्या धमन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) आणि रक्तातलं पीएलजीएफ मिळवलं की कॉम्प्युटर तुझी रिस्क काढून देतो. या पद्धतीत दर १०० पैकी १० जणींना जास्त रिस्क सांगितली जाते, आणि ३७ आठवड्यांआधी होणाऱ्या केसेसपैकी साधारण ७५ टक्के त्यात सापडतात. दिवस भरत आल्यावर होणारा प्रकार मात्र निम्म्याहून कमी सापडतो, म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी पुढे बीपी बघणं सोडायचं नाही. आणि रिस्क जास्त आली तर घाबरायचंही नाही, त्यातल्या बहुतेक जणींना तो होतच नाही.

मग कळून उपयोग काय, तर अ‍ॅस्पिरिन! २०१७ च्या अ‍ॅस्प्रे नावाच्या ट्रायलमधे जास्त रिस्कवाल्या बायकांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिली, ११ ते १४ आठवड्यांत सुरू करून ३६ पर्यंत, आणि ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्प्सिया गोळी न मिळालेल्यांत ४.३ टक्के तर गोळी घेतलेल्यांत १.६ टक्के जणींना झाला. इतकी साधी गोळी आणि एवढा फरक, मी अजूनही याबद्दल कुणालाही पकडून सांगत असते. पण १६ आठवड्यांच्या आत सुरू झाली तरच खरा फायदा दिसतो, आणि मनाने अजिबात घ्यायची नाही हं, अल्सर, अ‍ॅलर्जी, ब्लीडिंगचा त्रास असेल तर ती चालत नाही.

पीएलजीएफ तुमच्याकडे होत नसेल तरी अडून बसू नकोस, तुझी पहिली खेप आणि काकूंची हिस्ट्री एवढ्या दोन गोष्टींवरसुद्धा बरेच डॉक्टर अ‍ॅस्पिरिनचा विचार करतात, तू फक्त स्वतःहून विषय काढ. काकूंना कितव्या आठवड्यात झालं, झटके आले होते का, जुने पेपर आहेत का, एवढं विचारून ठेव. आणि पुढे कधीही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, उजव्या बरगडीखाली दुखणं किंवा चेहरा अचानक सुजणं असं काही झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच जायचं.

स्कॅनची तारीख ठरली की मला कळव, रिपोर्ट आला की फोटो पाठव, आकडे आपण दोघी मिळून बघू.

तुझीच,
मीरा