चारशे दहाची नळी

आर्वी तालुका, जि. वर्धा

प्रिय सुध्या,

घरच्या चारशे दहाच्या बंदुकीचं नाव काढलं, तर परवा फोनवर खो-खो हसलास. "बाराची बंदूक ऐकली होती बे, चारशे दहाची म्हणजे तोफच की!" लेका, सगळं उलटं आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती १२ बोअर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक. ४१० मात्र त्या हिशेबातली नाहीच. ते सरळ नळीचं माप, ०.४१० इंच. साडेदहा मिलिमीटरही भरत नाही.

आतून गुळगुळीत. रायफलीसारखे पीळ नाहीत, कारण पिळातून छर्रे गरगरत भलतीकडे पांगतात. काडतुसात जेमतेम १२ ग्रॅम छर्रे, तिथं १२ बोअरमध्ये ३० च्या वर. पंचवीस-तीस पावलांपलीकडे हिचा भरवसा धरू नये.

हिच्याआधी आबाजींकडे पीक राखायच्या परवान्यावरची ठासणीची होती, नळीच्या तोंडातून दारू ठासायची ती, आठवते? पावसाळी हवेत दारू सादळायची. घोडा पडायचा, ठिणगीची टोपी फट्ट वाजायची आणि पुढे काहीच नाही. रोही, म्हणजे नीलगाय, मान वर करून पाहायचा अन् पुन्हा तुरीत तोंड घालायचा! वाजली तर दुसरा ताप. काळ्या दारूची काजळी तेलानं निघत नाही, पाण्यानंच विरघळते. म्हणून आबाजी नळीत उकळतं पाणी ओतत. नळी तापली की आपली आपण सुकते. आजी चुलीपाशी करवादायची, "चहाले पानी नाही, अन् बंदुकीची आंघोळ पाह्य!"

ती पुढे जमा केली. ४१० राहिली.

खरं सांगू, आता तिचा उपयोग फारसा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर जनावरावर बंदूक रोखणं आपल्या मर्जीचं राहिलं नाही, आणि ते बरंच झालं. डुकरांना कुंपणात वीज सोडणारं झटका मशीनच आवरतं, तेही अर्धवट. वर परवान्याचं नूतनीकरण, निवडणूक लागली की ठाण्यात जमा करा, पावती सांभाळा. बायको म्हणते, विकून टाका.

पण उचलली की हात सोडवत नाही. हलकी, काठीसारखी. धक्का नाहीच म्हण ना. १२ बोअर खांदा काळानिळा करते. आणि ४१० चूक पोटात घालत नाही. मोठ्या नळीत छर्ऱ्यांच्या गर्दीत वाईट नेमही खपून जातो, हिच्यात उघडा पडतो. आबाजींनी एकदा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, डालड्याचा डबा ठेवून मला तीन काडतुसं दिली होती. डबा अजून शाबूत आहे, त्यात आम्ही मीठ ठेवतो. आबाजी स्वतः रात्री पिकाच्या जागलीला बहुधा आभाळाकडेच बार काढत. तेवढ्यानं रोही पळे, आणि काडतूस महाग हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

गेल्या पावसाळ्यात तिच्या लाकडी दस्त्याला बारीक भेग गेली. घाण्यावरून जवसाचं तेल आणलंय, दर आठवड्याला तळहातानं चोळतो. लाकूड पितंय अजून. दिवाळीत येशील तेव्हा जुना मलमलचा सदरा टाकू नको, नळी पुसायला घेऊन ये. आणि डबा धुऱ्यावर ठेवायचा विचारही नको, मीठ सांडेल.

तुझा,
बाळ्या