काका, तुम्ही वही वाचलीत

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे हो अक्का, त्यात काय एवढं" म्हणून पावसापाण्याचं बोलायला लागता. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमचं नाव घेत नाही. संकेश्वरकडच्या साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उभं आयुष्य काढलेले एक केमिस्ट, एवढ्यावर ओळखणारे ओळखतील.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. माझी लेक बारावीला आहे. मालवणला पाण्यात डोकं घालून तिनं जिवंत प्रवाळ पाहिलं आणि तेव्हापासून तिला त्याचं वेडच लागलं. तिथला समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, तिथून खडाही उचलायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं अभ्यास सांभाळून, पैसे साठवून घरात खाऱ्या पाण्याची टाकी लावली. टाकीत झोआंथस (झोआ), मशरूम, एक लेदर, एक झेनिया अशी मऊ प्रवाळं आणि क्लाउनफिशची जोडी. कठीण सांगाड्याच्या प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, त्यामुळं ती तिनं कधी मागितलीसुद्धा नाहीत. लोक प्रवाळांना शोभेची झाडं समजतात. ते प्राणी आहेत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला खाऊ घालतं. झेनियाच्या प्रत्येक हाताला आठ बोटं असतात आणि दिवे लागले की ती सारखी उघडमीट करते. शहापुरातली आमच्या गल्लीतली पोरं ती बघायला दारात उभी राहायची.

पाऊस सुरू झाला आणि सगळं बिघडलं. झेनियाची बोटं थांबली, मग ती खालून विरघळत गेली. झोआ मिटले ते उघडेनात. लेदर आकसून सुरकुतला. गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत उताण्या पडायला लागल्या. मासे मात्र मजेत खात होते. लेक रोज मोजायची. क्षारता ३५, तापमान २५, अल्कलिनिटी साडेआठच्या आसपास, नायट्रेट पाच. सगळं जिथं असावं तिथं, आणि टाकी डोळ्यांदेखत मरत होती.

दुकानांचे उंबरे झिजवले, काका. एकानं न बघताच सांगितलं, पोरीनं जास्त खायला घातलं असेल. दुसऱ्यानं बाटल्यांवर बाटल्या दिल्या, ही सकाळी, ही रात्री. एकजण म्हणाला, बेळगावचं पाणीच असं, राकसकोपच्या धरणाला बोल लावा. आमच्याकडं पाणी गाळणारं आरओ आणि त्यापुढं उरलेसुरले क्षार काढणारं डीआय आहे, बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य येतो, हे सांगायला लेकीनं तोंड उघडलं तर तो माझ्याकडं बघून हसला. तिला मोजता येत नाही, असं त्या हसण्यात होतं. आणखी एकानं माशांच्या रोगावरचं औषध पुढं केलं. तिनं बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली, त्यात तांबं होतं, तिनं ती तशीच परत सरकवली. आणि हे सगळं झाल्यावर एकानं दबक्या आवाजात विचारलं, जाऊ दे, कठीण प्रवाळाचा तुकडा देऊ का बदली? कायद्यानं बंद असलेली वस्तू शाळकरी पोरीला विकायला बघणारा माणूस. त्याचं तोंड मी विसरणार नाही.

सगळ्यांचा एक सल्ला मात्र सारखा होता. पाणी बदला. ती बदलत होती, आणि बदलल्यावर टाकी आणखी खचत होती.

तिच्या हातात दरवेळी ती वही असायची. दोनशे पानी, रेघांची. तारीख, वेळ, आकडे, शेजारी एक ओळ, आज काय दिसलं त्याची. एकाही दुकानदारानं ती हातात घेतली नाही.

तुम्हाला आमच्या ओळखीतल्या मास्तरांनी पाठवलं. आल्या आल्या म्हणालात, "मी पोवळं बघितलोय ते अंगठीतलं. हे जितं कसं असतंय, बाळ सांगेल मला." आणि सतरंजीवर मांडी घालून टाकीसमोर बसलात. लेक सांगत होती आणि तुम्ही ऐकत होता, मधे एक शब्द नाही. मग हात पुढं केलात. "वही."

काका, मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. तुम्ही चष्मा पुसलात आणि पहिल्या पानापासून सुरुवात केलीत. तुमचं शिक्षण सगळं कन्नडमधलं, तिची वही मराठीत. कारखान्यातल्या दोस्तांकडून शिकलेलं मराठी तुम्ही ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, पान पान वाचत गेलात. अडलात तिथं तिला विचारलंत. चहा गार झाला, मी दुसरा ठेवला, तोही गार झाला. शेवटचं पान झाल्यावर खिशातलं पेन काढलंत, शेवटच्या नोंदीखाली रेघ ओढलीत, लिहिलंत "तपासले", खाली सही आणि तारीख. लॅबच्या रजिस्टरवर करता तशी. आणि तिला म्हणालात, "नोंदी बरोबर आहेत. जे मोजलंय ते बरोबर आहे. मग जे मोजलेलं नाही, ते शोधू या."

माझी पोर तेव्हा रडली. टाकी मरत होती तेव्हा रडली नव्हती.

पुढचं तुम्ही दोघांनी तिच्याच वहीतून काढलंत. पाणी बदललेल्या तारखा एकीकडं, झोआ मिटल्याच्या तारखा दुसरीकडं, जोड्या आपोआप लागत गेल्या. त्या सगळ्यांच्या आधी एक ओळ होती, "नवा ड्रम आला." तुमचं बोट तिथं थांबलं. मागच्या गॅलरीत गेलात, ड्रमसमोर उकिडवे बसलात. तोटीखालच्या पांढऱ्या फरशीवर थेंब पडून पडून निळसर हिरवा डाग धरला होता, नखानं खरवडावा असा. तोटी पितळेची. ड्रम दिला त्या दुकानदारानंच ती बसवून दिलेली, प्लास्टिकची टिकत नाही म्हणून. आत डीआयचं पाणी साठायचं, आणि बदलायच्या आदल्या रात्री त्याच ड्रममध्ये मीठ कालवलेलं असायचं.

"बॉयलरचं पाणी आयुष्यभर हेच करतंय," तुम्ही म्हणालात. "क्षार काढून टाकलेलं पाणी भुकं असतंय, धातू खातंय. वर मिठाचं पाणी रात्रभर. तुम्ही बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवाल काय अक्का? कळकेल की." तेवढ्यात मला सगळं समजलं. पितळेत निम्म्याहून जास्त तांबं. माशांना ते बऱ्यापैकी सोसतं, म्हणून तर माशांच्या औषधात घालतात. गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ यांना लिटरमागे मिलिग्रॅमचा दहावा भागसुद्धा झेपत नाही. आमचा टीडीएसचा मीटर एवढं बारीक दाखवतच नाही, शिवाय तो आरओच्या तोंडाशी लावायचा, ड्रमच्या नव्हे. टाकीतलं पाणी उडून जातं, धातू मागं राहतो. रोज ड्रममधलं पाणी वरून घातलं की तो साठत जाणार.

तरी तुम्ही "असेल" म्हणालात, "आहे" म्हणाला नाहीत. दोन बाटल्या भरून नेल्यात, एक आरओच्या नळीतून थेट, एक तोटीतून. दोन्हींवर चिकटपट्टी लावून वेळ लिहिलीत. संध्याकाळी फोन आला. तोटीच्या पाण्यात तांबं निघालं, नळीच्या पाण्यात नाही. आकडा तुम्ही मला सांगितला नाहीत, "बाळाला द्या" म्हणून फोन तिला द्यायला लावलात. तिनं तो वहीत उतरवून घेतला.

त्यानंतरचं सगळं तिनं केलं. ड्रमच बदलला, कार्बन आणि तांबं ओढून घेणारं रेझिन लावलं, पाणी थोडं थोडं बदलत राहिली. झेनिया गेली, ती काही परत आली नाही. पण लेदरनं अंगावरचा मेणासारखा पापुद्रा टाकला आणि खालून बारीक बारीक पॉलिप, म्हणजे प्रवाळाची इवली तोंडं, वर आले. झोआ आता रोज उघडतात.

आमच्या या भागात दुकानाची पाटी कुठल्या भाषेत हवी यावरून माणसं एकमेकांवर धावून जातात, आणि तुम्ही दुसऱ्या भाषेतली दोनशे पानी वही बोट लावून वाचलीत, एका पोरीचं खरं आहे की खोटं हे बघायला. पैसे विचारले तर रागावलात. कुंद्याचा डबासुद्धा "साखर वाढलीय" म्हणून परत केलात. अशी माणसं अजून आहेत आणि ती काम झाल्यावर गपचूप एसटी धरून निघून जातात, त्यांची बातमी होत नाही. दुकानदारांकडं ज्ञान कमी नव्हतं काका. ते टाकीबद्दल तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त जाणत होते. समोरचं माणूस खरं बोलत असेल, एवढंच त्यांना सुचलं नाही.

लेकीनं आता इंजिनिअरिंगचं सोडून रसायनशास्त्र घ्यायचं म्हटलंय. घरात त्यावर चर्चा चालू आहे, निकाल लागेल तेव्हा कळवीन. वहीची पानं संपली, नवी घेतली आहे, जुनीला तिनं खाकी कव्हर घातलंय.

आता एक काम सांगते, नाही म्हणू नका. तुम्ही आलात तेव्हा टाकीतलं सगळं मिटलेलं होतं, म्हणजे जितं पोवळं तुम्ही अजून पाहिलेलंच नाही. दिवे अकराला लागतात, सगळं नीट फुलायला बारा वाजतात. रविवारी सकाळच्या गाडीनं काकूंना घेऊन या. जेवण बिनसाखरेचं करीन. येण्याआधी लेकीला फोन करा, माझ्याआधी तिला. नव्या वहीतल्या पहिल्या महिन्याच्या नोंदी पुऱ्या झाल्यात आणि तपासायच्या राहिल्यात.

तुमची ऋणी,
शहापूर, बेळगाव