साइडिंगमागचा सिमेंट कारखाना

प्रिय सुहास,

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. तुझ्या मॉडेल रेल्वेच्या मागच्या भिंतीलगतची साइडिंग (मालडबे उभे करायचा तो बाजूचा रूळ), तिच्यामागे उरलेली ती अरुंद पट्टी आणि टेबलावर उघडून ठेवलेली कारखान्यांच्या प्लास्टिक इमारतींची तिन्ही किटं, सगळं निवांत बसून पाहिलं. यातलं कुठलं किट तिथे बसेल, असं तू विचारलंयस. माझं मत विचारशील तर जसंच्या तसं एकही बसवू नकोस. तिन्ही काप, आणि त्यांतून एकच मोठा कारखाना उभा कर. फक्त करवत हातात घेण्याआधी एक गोष्ट पक्की ठरव: या कारखान्यात तयार काय होतं?

किटबॅशिंग, म्हणजे किटं कापून त्यांतून वेगळीच इमारत जुळवणं, म्हटलं की हात आधी भिंतींकडे जातो. ही भिंत इकडे लाव, ते छप्पर तिकडे चढव, वर एक धुराडं. दिसायला भरगच्च होतं, पण साइडिंगवर वाघीण, म्हणजे मालडबा, आणून उभी केली की ती तिथे कशासाठी आली ते कळत नाही. कच्चा माल कुठून आत जातो, कशाकशातून फिरतो, कुठे साठतो आणि कुठल्या दाराने बाहेर पडतो, एवढी वाट कागदावर आखली की निम्म्या भिंती आपोआप ठरतात.

मी सिमेंट घेतलं, आणि तूही घ्यावंस असं मला मनापासून वाटतं. एक तर रेल्वेला इतकं काम देणारे उद्योग थोडेच असतात. चुनखडी येते, कोळसा येतो, जिप्सम येतं आणि सिमेंट बाहेर जातं. म्हणजे एकाच साइडिंगवर उघड्या वाघिणीही लागतात आणि झाकणाचे हॉपरही, म्हणजे वरून भरायचे आणि खालून रिकामे करायचे डबे. दुसरं असं की सिमेंट वजनाला जड. त्याचे हॉपर आखूड, दोन कप्प्यांचे असतात. धान्याचे किंवा प्लास्टिकच्या दाण्यांचे लांबलचक हॉपर इथे शोभत नाहीत. तुझ्या साइडिंगची लांबी बेताची आहे, तेव्हा आखूड वाघिणी तुझ्या पथ्यावरच पडतील.

आता मालाची वाट बघ. फोडलेली चुनखडी आणि माती एकत्र दळून भट्टीच्या वरच्या तोंडातून आत सोडतात. भट्टी म्हणजे आडवा, किंचित कललेला लोखंडी नळा, स्वतःभोवती सावकाश फिरणारा. खालच्या तोंडाशी कोळशाच्या भुकटीची ज्वाळा असते. माल वरून खाली ज्वाळेकडे सरकत जातो, 1450 अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो आणि त्याचे क्लिंकर नावाचे कठीण गोळे होतात. ते थंड करून, त्यांत थोडं जिप्सम घालून पुन्हा दळले की सिमेंट. मग सायलो, म्हणजे साठवणीची उंच गोल कोठारं, आणि सायलोखाली वाघीण. हा क्रम लक्षात ठेव, कारण मॉडेलवर इमारतींचा क्रमही हाच ठेवायचा आहे.

भट्टी किटमध्ये शोधूच नकोस. 40 मिमी बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइप घे. एचओ या आपल्या मॉडेलच्या मापात, म्हणजे 1:87 प्रमाणात, तो साडेतीन मीटर व्यासाची भट्टी होतो, खऱ्या आकाराच्या अगदी जवळ. अडचण लांबीची. साठ मीटरची भट्टी करायची तर जवळजवळ 69 सेंमी लागतील. मी 40 सेंमीच ठेवली आणि तिची दोन्ही टोकं इमारतींच्या आत घातली. वरचं टोक उंच विटांच्या इमारतीत, खालचं ज्वाळेच्या खोलीत. टोकं दिसत नसली की डोळा लांबी स्वतःच पुरी करून घेतो. उतार साडेतीन टक्के धरला, म्हणजे 40 सेंमीत 14 मिमी. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो, पण बाजूला सरळ विटांची रेघ असली की तो कल लगेच नजरेत भरतो, आणि ही भट्टी आहे हे त्या कलावरूनच कळतं. नळ्याला जाड लोखंडी कडी असतात, त्यांनाही टायरच म्हणतात, आणि ती रुंद रोलरांवर टेकलेली असतात. कडी मी स्टायरीनच्या, म्हणजे किटच्याच प्लास्टिकच्या, पट्ट्या गुंडाळून केली. एकावर एक दोन थर दिले, कारण एकच पट्टी लांबून दोऱ्यासारखी दिसते. रोलरांसाठी जुन्या वाघिणींची चाकं कापून घेतली आणि त्यांच्याखाली काँक्रीटचे ठोकळे दाखवले.

सायलोंसाठी तुझ्याकडचं धान्य-सायलोंचं किट अगदी योग्य आहे. गोल सायलो उभे चिरून अर्धे कर आणि सपाट बाजू मागच्या भिंतीला लाव. संख्या दुप्पट होते आणि पुढून मागे जागा निम्मी लागते. पट्टी अरुंद असेल तर याच्याइतका उपयोगी उपाय मला तरी माहीत नाही. सायलोंच्या माथ्यावरची धान्याची खोली मात्र काढून टाक. त्या जागी धूळ गोळा करणारी चौकोनी पेटी आणि तिच्यातून खाली उतरणारा जाड पाइप दे. एवढ्यावरच धान्याचं कोठार सिमेंटचं होतं.

आता विटांच्या भिंतींकडे येतो, कारण खरा आनंद इथे आहे आणि चिकाटीही इथेच लागते. किटला चार भिंती असतात, त्यांतल्या दोन कुणाला दिसतही नाहीत. त्या चारही एका रेषेत लावल्या की तेवढ्याच प्लास्टिकमध्ये केवढी तरी लांब दर्शनी बाजू तयार होते. अमेरिकेतल्या 'मॉडेल रेलरोडर' मासिकात लिहिणाऱ्या आर्ट करन यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलं गेलं आहे. एका किटच्या भिंतींमधून भलतीच इमारत उभी करणं ही त्यांची खासियत.

काप कुठे घ्यायचा यात सगळं आहे. दोन खिडक्यांच्या मधोमध सपाट विटांवर कापलंस तर सांधा जन्मभर दिसत राहील. भिंतीला पुढे आलेले विटांचे खांब असतात, त्यांच्या कडेला काप घे. खांबाच्या सावलीत सांधा हरवतो. खांब नसेल तिथे सांध्यावरून पावसाच्या पाण्याचा उभा पाइप उतरव. खऱ्या इमारतीवरही तो कुठेतरी असतोच. स्टायरीन एका दमात कापायला जाऊ नकोस. पोलादी पट्टी धरून सुरीने हलकेच तीन-चारदा ओरखडा दे आणि मग वाकवून मोड. जाड भिंतीला बारीक दातांची करवत. कापलेली कड काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घास आणि प्रत्येक वेळी गुण्या लावून पाहा. जोडताना विटांचे थर दोन्ही भिंतींवर एका रेषेत आलेच पाहिजेत. भिंतीची वरची कड जुळली नाही तर वर पट्टी देऊन झाकता येते, पण थर सरकले तर ते रंगाखालीही लपत नाही. थर जुळले की मागून पट्टीचा आधार दे आणि पातळ सॉल्व्हेंट ब्रशच्या टोकाने सांध्याला नुसतं टेकव. फटीत ते आपलं आपण ओढलं जातं, प्लास्टिक विरघळवतं आणि दोन तुकडे एकजीव होतात. खिडकी उघडी ठेव, वाफ डोक्यात जाते.

मजल्यांच्या उंचीकडे लक्ष दे. तीन वेगवेगळ्या किटांतल्या भिंती शेजारी आल्या की खिडक्यांच्या रांगा वरखाली होतात. एचओमध्ये एक फूट म्हणजे साडेतीन मिमी, तेव्हा बारा फुटी मजला 42 मिमीचा. ज्या भिंतीची उंची जुळत नाही ती वेगळ्या काळात बांधली असं धर आणि तशीच रंगव: विटेचा लाल जरा निराळा, मधे काँक्रीटची पट्टी. कारखाने असेच वाढतात, एका पिढीने विटांत बांधलेलं, पुढच्या पिढीने पत्र्यात. तुझ्या तिसऱ्या किटचं करवतीच्या दातांसारखं छप्पर मला फार आवडलं. त्याची काचेची बाजू उत्तर गोलार्धात उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे ऊन थेट न येता दिवसभर सारखा उजेड मिळतो. दळणघराला ते शोभणार नाही. दुरुस्तीचं वर्कशॉप कर त्याचं, एका टोकाला.

जोडण्याआधी कागदावर खेळून घे. भिंतींच्या छायाप्रती काढ, कात्रीने काप, पुठ्ठ्यावर चिकटव आणि तो पुठ्ठ्याचा कारखाना साइडिंगमागे उभा कर. काही दिवस त्याच्यासमोर गाड्या चालव. उंची कमी-जास्त वाटते का, मागच्या आकाशाची रेघ एकसुरी होते का, हे गाडी हलताना जसं कळतं तसं नुसतं बघून कळत नाही. रुळांपासूनचं अंतरही इथेच तपास. 1935 मध्ये स्थापन झालेल्या एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेची ती पत्र्याची गेज, म्हणजे अंतर तपासायची मापपट्टी, तुझ्याकडे असेल, ती रुळांवर उभी करून फिरव. तुझी साइडिंग शेवटी वळते, तिथे मात्र गेजवर विसंबू नकोस. लांब डब्याचा मध्य वळणाच्या आत येतो आणि टोकं बाहेर जातात, म्हणून तुझ्याकडची सर्वांत लांब वाघीण हाताने ढकलून बघ. माल चढवायचा ओटा रुळांच्या माथ्यापासून साधारण 14 मिमी, म्हणजे खऱ्या चार फुटांवर ठेव.

रंगाबद्दल थोडक्यात, कारण तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. विटांमधल्या फटींत पातळ राखाडी रंग सोड आणि वरचा लगेच पुसून घे. खिडक्यांमागे काळा पुठ्ठा दे, नाहीतर इमारतीच्या आरपार उजेड दिसतो आणि पोकळपणा उघडा पडतो. गंज जपून वापर. सिमेंटच्या कारखान्यावर राज्य असतं ते फिकट राखाडी धुळीचं, आणि ती आडव्या जागांवर बसते: खिडक्यांच्या उंबऱ्यांवर, पाइपांच्या पाठीवर, छपराच्या पन्हळीत. वाघीण भरायच्या नळीखाली सर्वांत दाट, तिथून लांब जाल तशी विरळ. धूळ किती आणि कुठे, हेही त्या मालाच्या वाटेवरूनच ठरव. धुळीसाठी रंगाची पावडर लावून वर मॅट व्हार्निश मारलंस की रंग बराच उतरतो, तेव्हा आधी जरा जास्तच लाव.

छपरावर आणि भिंतींवर पाइप घालायचा मोह होईल. घाल, पण प्रत्येक पाइपाला सुरुवात आणि शेवट असू दे. कुठून निघाला आणि कुठे गेला हे बोट ठेवून सांगता येत नसेल तर तो काढून टाक. याबाबतीत मी फार कडक आहे, तुला माहीतच आहे.

माझ्याकडे चार अर्धे सायलो आणि भट्टीच्या रोलरांना पुरतील इतकी चाकं उरली आहेत. ती पुढच्या पार्सलमध्ये घालतो. तू तोवर पट्टीची रुंदी दोन्ही टोकांना मोजून कळव, फोटोत ती डावीकडे निमुळती होताना दिसते. तसं असेल तर भट्टीचं वरचं टोक रुंद बाजूला घ्यावं लागेल आणि सगळी वाट उलटी आखावी लागेल. पुठ्ठ्याचा कारखाना उभा राहिला की फोटो पाठव, सायलोखाली एक आखूड हॉपर उभा करून.

तुझा,
अविनाश