सूचना : विंडोज १० चे मोफत अपग्रेड

सभासदहो,

मायक्रोसॉफ्टची संगणक प्रणाली विंडोज १० ही २९ जुलै २०१५ ला आली. विंडोज ७ (सर्व्हिस पॅक १ या एकत्रित सुधारणांसह) किंवा ८.१ असलेल्यांना ती पहिल्या वर्षात, म्हणजे जुलै २०१६ पर्यंत, फुकट मिळत होती. मुदत अपग्रेड करून घेण्याची होती, वापरण्याची नाही; वर्षभरानंतर पैसे मागतील ही अफवाच होती. एक्सपी, व्हिस्टा या जुन्या आणि एंटरप्राइझ (मोठ्या संस्थांसाठीच्या) आवृत्त्या या सवलतीत बसत नव्हत्या. विंडोज ८ वाल्यांना आधी ८.१ वर यावे लागे, तेही मोफतच होते.

टास्कबारवर (पडद्याच्या तळाच्या पट्टीवर) छोटे विंडोज चिन्ह दिसत असेल तर तिथून नाव नोंदवता येत होते. मात्र नोंदणी केली म्हणून पहिल्याच दिवशी धावायलाच हवे असे नव्हते. माझा सल्ला होता, प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर (ती यंत्रे संगणकाशी जोडणारे प्रोग्रॅम) नव्या आवृत्तीत चालतात का ते कळेपर्यंत थांबा. वर्ष हातात होते.

काही गोष्टी गेल्याही : विंडोज मीडिया सेंटर, डेस्कटॉप गॅजेट्स (पडद्यावरची घड्याळासारखी छोटी साधने), विंडोज ७ मधले जुने पत्त्यांचे खेळ. होम (घरगुती) आवृत्तीत तेव्हा अपडेट आपोआप बसत, नको म्हणायची सोय नव्हती. हे मला फारसे रुचले नव्हते.

पसंत पडले नाही तर तेव्हा महिन्याभरात जुन्या आवृत्तीवर परतता येत होते. तरीही फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर आधीच घेतलेला बरा होता.