रेवेत टाकलेल्या नांगराबद्दल आभार

आदरणीय तांडेलकाका,

सादर नमस्कार.

जानेवारीत आम्ही चौघे पुण्याहून मालवणला आलो होतो आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचे प्रवाळ पाहण्यासाठी तुमच्या होडीतून गेलो होतो. निघताना घाईत तुमचे आभार मानायचे राहून गेले. ते चारचौघांसमोर मानावेत असे वाटले, म्हणून हे जाहीर पत्र.

त्या सकाळी मी तुमच्याशी हुज्जत घातली होती. माझ्या वडिलांना फारसे पोहता येत नाही, तेव्हा होडी थेट प्रवाळावर नेऊन तिथेच नांगर टाका, असा माझा आग्रह होता. खाली वावभर पाण्यात तपकिरी, घुमटासारखे काहीतरी दिसत होते आणि मला ते खडकच वाटले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "धोंडो न्हय हो तो, जीव आसा तेका. नांगर रेवेत टाकतंय, तुमी पेवत जावा." मग वडिलांना रबरी ट्यूबमध्ये बसवून, तिचा दोर कमरेला बांधून तुम्ही स्वतः त्यांना तिथवर ओढत नेलेत. त्या घुमटाची वाढ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर होते आणि घसरणारा नांगर काही क्षणांत कित्येक वर्षांची वाढ फोडून टाकतो, हे मी घरी परतल्यावर वाचले. ते वाचताना मला माझ्या आग्रहाची लाज वाटली.

माझ्या मुलाने माशांना टाकायला बिस्किटांचा पुडा उघडला, तेव्हा तोही तुम्ही काढून घेतलात. त्याचा चेहरा पडला खरा, पण थोड्याच वेळात पट्टेरी मासे बिस्किटांवाचूनही आमच्या पायांजवळ फिरू लागले. परतताना कपारीत अडकलेला नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा तुम्हाला दिसला. तुम्ही दातांत सुरी धरून बुडी मारलीत आणि एकेक फास सोडवत, प्रवाळाला धक्का न लावता ते जाळे वर आणलेत. त्यात दोन खेकडे अजून जिवंत होते. आम्ही देऊ केलेले वरचे पैसे तुम्ही घेतले नाहीत आणि ते जाळे होडीच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकात, कोंबलेत.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते तुमचे त्यानंतरचे बोलणे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून त्यातील गाभा क्षेत्र तीन चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. किल्ला आणि शेजारचे पद्मगड बेट या गाभ्यातच येतात. मी हे कौतुकाने सांगू लागले, तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "आमका इचारून केल्यानी नाय." आपल्या पिढीजात मासेमारीवर गदा येईल या भीतीने गावोगावच्या मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला होता, हे शहरातून येणाऱ्या आम्हा हौशी निसर्गप्रेमींना सहसा ठाऊक नसते. तो राग तुमच्या मनात अजून आहे आणि माझ्या मते तो रास्तही आहे. तरीही ज्या कागदावर तुमचा विश्वास नाही, त्या कागदाने ज्याला संरक्षण दिले ते तुम्ही कोणी पाहत नसताना जपता. जाळ्यात सापडलेल्या कासवासाठी तुम्ही जाळे कापलेत, तेही अशा प्रसंगी सरकारकडून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळण्याची योजना २०१८ च्या डिसेंबरात येण्याच्या कितीतरी आधी. हे तुम्ही इतक्या सहज सांगितलेत की आमच्यापैकी दोघांना ते ऐकूही आले नाही.

किल्ला पाहायला येणाऱ्यांपैकी फार थोडे जण पाण्याखाली डोकावतात. १६६४ मध्ये कुरटे बेटावर ज्याचे बांधकाम सुरू झाले, त्या किल्ल्याभोवतीचे खडक शत्रूच्या गलबतांना अडवीत असत, एवढे आम्ही शाळेत शिकलो होतो. त्यांच्यातून सुखरूप वाट काढण्यासाठी आजही तुमच्यासारखा जाणकार हवा आणि त्यांच्यावरचे प्रवाळ टिकण्यासाठीही तोच हवा, हे मात्र तुमच्या होडीत बसल्यावर समजले.

पावसाळा सरून समुद्र निवळला की आम्ही पुन्हा येऊ. या वेळी वडिलांची बहीणही येणार आहे, तेव्हा ट्यूब दोन लागतील. मुलाने तुमच्या होडीचे चित्र काढले आहे, ते टपालाने पाठवत आहे. नांगराखाली त्याने पिवळे ठिपके दिले आहेत. ती रेव आहे, हे तुम्हाला आवर्जून कळवायला त्याने सांगितले आहे.

आपली नम्र,
बिस्किटवाल्या मुलाची आई